वाघोबाच्या दारातली पावलं

१

पावलं आठ होती आणि आठही खोटी होती. पण ते कळायला अजून पंधरा मिनिटं होती. तोवर येऊरच्या जंगलात, वाघोबाच्या दगडापाशी, ठाण्या-डोंबिवलीची बारा माणसं तोंडावर हात ठेवून उभी होती आणि रतन नावाचा डोंबिवलीचा उत्साही तरुण जमिनीवर पालथा पडून कॅमेऱ्याचा खटका दाबत सुटला होता.

"आयला, सॉलिड! बिबट्याच!" तो म्हणाला. "पहिल्या बसने आलो म्हणून बरं. सगळ्यात आधी मीच बघितली हां!"

साल एकोणीसशे नव्वद, महिना डिसेंबर. नौपाड्यातल्या पानझड निसर्ग मंडळाची ही दर महिन्याची रानफेरी होती. वाटाड्या नेहमीचाच, गोमाजी. हा चेंदणी कोळीवाड्यातला माणूस. खाडीतली मासळी कमी झाली तसं त्याने जाळं खुंटीला टांगलं आणि जंगलात रोजंदारीवर राखणदार म्हणून लागला. त्याला अकरा वर्षं झाली. पानावरचा कोळी दाखवताना तो आवाज इतका खाली आणायचा की डोंबिवलीची मंडळीसुद्धा गप्प बसायची. त्याची एकच गोष्ट लोकांना आवडत नसे. ओढ्यापाशी सरळ पुढे जायची सोय असताना तो सगळ्यांना डावीकडचं टेकाड चढायला लावायचा. "तिकडं आग्यामोहोल हाय," असं तो गेली चार वर्षं सांगत होता आणि गुडघेदुखीवाले गेली चार वर्षं कुरकुरत होते.

आज मात्र कुरकुर नव्हती, कारण आज फेरीला वनपाल ठोंबरे साहेब जातीने आले होते. रोजंदारीवरच्या माणसांतून कायम करायची नावं सोमवारी पाच वाजता वर जायची होती. गेल्याच आठवड्यात, मंडळाच्या सभेत, सगळ्यांसमोर ते म्हणाले होते, "गोमाजी माणूस चांगला आहे हो. पण चार वर्षांत या वाटेवर बिबट्याची एक खूण दिसलेली नाही. मग इथे कायमचा वाटाड्या कशाला, असं मला वरून विचारतात. मी काय उत्तर देऊ?"

आणि आज हे उत्तर थेट वाघोबाच्या दारात येऊन पडलं होतं. दगडावर शेंदराने काढलेला वाघ, त्याच्यापुढे चाळून ठेवल्यासारखी मऊ माती, आणि मातीत पंजे. मंडळाचे चिटणीस गोपीनाथराव वर्तमानपत्राला काय कळवायचं ते मनात जुळवू लागले. ठाकुर्लीचे गुणाजी सावंत, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, मागे उभे राहून खोकत होते. पावलं बघायला ते पुढे आले नाहीत. कानांना त्यांनी साधा हातरुमाल बांधला होता.

विमलाबाई ताम्हणे मात्र वही उघडून खाली बसल्या. नौपाड्यातल्या मुलींच्या शाळेत बाईंनी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली होती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी नजर काही निवृत्त झाली नव्हती. कुठल्या मुलीने चित्र हाताने काढलंय आणि कुठलीने खिडकीच्या काचेला कागद लावून गिरवलंय, हे बाई वर्गाच्या दारातून ओळखत.

त्यांनी पहिला पंजा काढला, मग दुसरा. तिसरा काढताना पेन्सिल थांबली. पंजाच्या गादीच्या डाव्या कडेला मोहरीएवढा मातीचा उंचवटा होता. तो पहिल्यातही होता, दुसऱ्यातही होता. बाई गुडघ्यावर सरकत आठव्यापर्यंत गेल्या. आठही ठिकाणी, त्याच जागी, तीच मोहरी.

आपण काय बोलतो आहोत याचा विचार करायच्या आतच त्या बोलून गेल्या. "साहेब, हे ट्रेसिंग आहे."

२

"म्हणजे?" ठोंबरे साहेबांनी विचारलं.

बाईंना शाळेतला फळा मिळाल्यासारखं झालं. "जनावराला पाय चार. इथे आठही ठसे एकाच पायाचे आहेत, उजव्या पुढच्या. आणि हा बारीक उंचवटा बघा. प्लास्टर ओतताना आत हवेचा बुडबुडा राहिला की तिथे भोक पडतं. असा प्लास्टरचा पंजा मातीत दाबला की भोकात माती शिरते आणि उंचवटा उठतो. खऱ्या बिबट्याच्या आठ पावलांना एकाच जागी मुरूम कसा येईल?"

कुणीतरी हसलं. गोपीनाथराव हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. "आमच्या कपाटात आहे तसा पंजा. म्हणजे होता. काल दुपारी बघितलं तर जागेवर नव्हता. मला वाटलं, कुणी बघायला नेला असेल."

"आज पहाटे या वाटेवर कोण होतं?" साहेबांनी विचारलं.

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. फेरीच्या दिवशी गोमाजी उजाडताच येऊन वाट बघून जायचा. त्यात रतनने भर घातली. "मी आलो तेव्हा ते इथे वाकून हाताने काहीतरी करत होते. मला बघून एकदम उठले. मला वाटलं, पाया पडतायत."

ठोंबरे साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांना चारचौघांत फसवलं गेलेलं आवडलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. "गोमाजी, पिशवी."

गोमाजीने पिशवी दिली. नको म्हणाला नाही, मागे सरला नाही. पिशवीत कोयता होता, भाकरीचं फडकं होतं, आणि सागाच्या पानांत गुंडाळलेला, मातीने भरलेला प्लास्टरचा पंजा होता.

"कुणी केलं हे?" साहेबांचा आवाज चढला.

गोमाजीने एकदा वाघोबाकडे बघितलं आणि मान खाली घातली. "मना काय बोलायचा नाय, सायेब."

३

परतीच्या वाटेवर कुणी पक्षी बघितले नाहीत. विमलाबाई सगळ्यांच्या मागे चालत होत्या आणि स्वतःच्या जिभेला लाखोली वाहत होत्या. चांगली नजर आहे म्हणून ती अशी गावभर मिरवायची? साहेबांना बाजूला घेऊन सांगता आलं नसतं? अकरा वर्षांची नोकरी आपण एका वाक्यात उडवली.

पण दुसरीकडे डोक्यात एक किडा वळवळायला लागला होता. गोमाजी हा काठीच्या टोकाने पान उलटून काल कोण गेलं ते सांगणारा माणूस. पावलं खोटी आहेत हे त्याला बाईंच्या आधी कळलं असणार. त्यानेच ती उठवली असती तर त्याने चार पाय दाखवले असते, मागचा पाय पुढच्याच्या ठशात बरोबर पाडून दाखवला असता. एकच पंजा आठदा दाबणं हे ज्याला जंगल माहीत नाही अशाचं काम होतं. मग खोटी पावलं ओळखूनही हा बोलला का नाही? आणि पंजा पिशवीत घालून का बसला?

फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर बाईंनी गोमाजीला गाठलं. "गोमाजी, तुम्ही हे केलेलं नाही. मग तोंड उघडा. उद्या पाचच्या आत तुमचं नाव जायचंय."

"जाऊ दे, बाय. माजा नसीब."

"नशिबाचं नाव पुढे करू नका. तुम्ही कुणाला तरी पाठीशी घालताय."

गोमाजी हसला. ते हसणं बाईंना अजिबात आवडलं नाही. "च्या घ्या बाय, थंड होताय," एवढंच तो म्हणाला आणि फाटकाचं कुलूप बघायला निघून गेला.

रतन बाकावर कॅमेरा पुसत बसला होता. त्याचं दुःख वेगळंच होतं. "पूर्ण रोल फुकट गेला, बाई. छत्तीस फोटो! स्पर्धेला पाठवणार होतो. ती मोहरी एकेका फोटोत एकदम क्लिअर येणार, तिरपा उजेड होता ना."

ज्याला ठसे खोटे आहेत हे माहीत असतं तो तिरप्या उजेडात जवळून छत्तीस फोटो काढत नाही. बाईंनी मनातल्या यादीतून रतनला खोडलं.

गोपीनाथराव टपरीमागे येरझारा घालत होते. मंडळाची अब्रू गेली असं ते तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा बाईंनी त्यांना थांबवलं. "शुक्रवारी पंजा कपाटात होता?"

"होता. मी स्वतः धूळ झटकली."

"आणि शनिवारी दुपारी नव्हता. सकाळी मंडळाच्या खोलीवर कोण कोण आलं?"

"मी होतो. रतन प्रोजेक्टर परत द्यायला आला. सावंतमामा पुस्तक बदलायला आले. बस." मग ते एकदम ताठ झाले. "तुमचा माझ्यावर संशय आहे की काय?"

होता, खरं सांगायचं तर. बिबट्याची बातमी छापून आली असती तर मंडळात माणसं वाढली असती आणि सगळ्यात जास्त आनंद गोपीनाथरावांना झाला असता. पण जनावर पाय कसं टाकतं यावर याच गृहस्थांनी सभेत तासभर स्लाइड्स दाखवल्या होत्या, खडूने फळ्यावर चारही पाय काढले होते. ते पावलं उठवतील तर इतकी अडाणी उठवणार नाहीत.

आणि सावंतमामा? ते त्या स्लाइड्सच्या वेळी पहिल्या रांगेत घोरत होते, हे बाईंना चांगलं आठवत होतं. त्यांनी टपरीभोवती नजर फिरवली. मामा नव्हते. कुणालाही न सांगता ते आधीच्या बसने निघून गेले होते.

४

संध्याकाळी विमलाबाई चेंदणी कोळीवाड्यात गेल्या. गोमाजी घरी नव्हता. त्याची बायको सगुणा अंगणात सुके बोंबील टोपलीत भरत होती. सकाळी माजिवड्याच्या नाक्यावर टोपली घेऊन बसायचं, दुपारी घरी यायचं, असा तिचा नेम होता. बाईंना बघून ती उठली, पाट दिला, पण चेहरा मात्र बंद दारासारखा होता.

"तुमीच बोललाव ना, पावला खोटी हायेत म्हनून?"

"मीच बोलले," बाई म्हणाल्या. "चूक झाली म्हणत नाही, कारण पावलं खोटीच होती. पण त्याचं खापर गोमाजीवर फुटेल हे माझ्या ध्यानात आलं नाही. ते निस्तरायला आलेय."

सगुणाने टोपली बाजूला सारली आणि तिचा बांध फुटला. "अकरा वर्सा झाली, बाय. पावसात, थंडीत. कायम झाला तर मी नाक्यावर बसायची बंद होईन, असा बोलत व्हता. आता काय सांगतंय? तर बोलतंय, आपला मान्सू हाय, त्याला कसा पाडू? कोन आपला मान्सू, तो सांगत नाय!"

बाईंच्या मनात ते वाक्य रुतून बसलं. त्या काही बोलणार, एवढ्यात त्यांची नजर दोरीवर गेली. जाळ्याच्या तुकड्याशेजारी एक मरून रंगाचा लोकरी मफलर वाळत होता.

"हा कुणाचा?"

"दुपारी घेऊन आला, सदऱ्याआड लपवून. मातीन लडबडलेला व्हता. बोलला, कोनाचा तरी रायलाय, धू."

बाई उठून जवळ गेल्या. मफलरवर पांढऱ्या डमरूंची नक्षी होती. एका टोकाला, शेवटच्या ओळीत, एक डमरू उलटा पडला होता. विणणारीचे डोळे तेव्हा मोतीबिंदूने अधू झाले होते. हे बाईंना मागच्या हिवाळ्यात, बसमध्ये, मफलरच्या मालकानेच सांगितलं होतं. ते सांगताना त्याने तो चुकलेला डमरू अंगठ्याने गोंजारला होता.

आज सकाळी त्या माणसाने कानांना हातरुमाल बांधला होता.

५

सोमवारी सकाळी नऊला बाई ठाकुर्लीला उतरल्या. रात्री त्यांनी वही चारदा उघडून बघितली होती. मफलर ही खूण होती, पण पुरावा नव्हता. मफलर कुणाचाही कुठेही राहू शकतो. पावलांच्या चित्रात मात्र आणखी काहीतरी होतं, डोळ्यांना दिसत होतं आणि अजून डोक्यापर्यंत पोचत नव्हतं. पावलं दोन-दोनच्या जोडीने होती, शेजारी शेजारी. जोडीनंतर एक वीत जागा, मग पुढची जोडी. कुठलंही जनावर असं चालत नाही. आणि आठही दगडाच्या दिशेने होती. आलेली पावलं होती, गेलेलं एकही नव्हतं.

गुणाजी सावंतांची चाळ स्टेशनापासून पाच मिनिटांवर होती. पॉवर हाउसमधून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती. बायको, रंगूबाई, तीन वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नव्हतं. दार उघडंच होतं. बाईंनी चपला काढायला खाली बघितलं आणि त्या तशाच वाकून राहिल्या.

उंबऱ्यापासून आत स्वयंपाकाच्या कोपऱ्यापर्यंत, फरशीवर, लाल ऑइलपेंटने पावलं उठवलेली होती. चिमुकली, मुठीने ठसा देऊन बोटांनी टिकल्या दिल्यासारखी. दोन-दोनच्या जोडीने, शेजारी शेजारी. जोडीनंतर एक वीत जागा, मग पुढची जोडी. सगळी आत येणारी, बाहेर जाणारं एकही नाही.

गौरीची पावलं. बाईंनी स्वतः लहानपणापासून ती काढली होती, आणि गौर घरात यायची असते म्हणून बाहेर जाणारी पावलं कुणी कधी काढत नाही हे त्यांना इतकं अंगवळणी पडलेलं होतं की जंगलात ते समोर असून दिसलं नाही.

"या बाई," आतून खोकत मामा म्हणाले. "मला वाटलंच होतं कोणीतरी येईल. पोलीस येईल असं वाटलेलं."

"ही पावलं तुम्ही उठवलीत?"

"मग कोण? रंगू गेल्यापासून गौर मीच आणतो. आमच्या घरात गौर चुकत नाही. पण गुडघे वाकत नाहीत दरवर्षी, म्हणून एकदाच पेंटने उठवली. शेजारणी हसतात. हसू दे." ते खाटेच्या कडेला बसले. जंगलातली पावलंही आपण अशीच जोडीने उठवली हे त्यांना मग कळलं, आणि त्यांनी तोंड दोन्ही हातांनी झाकलं.

"मामा, पंजा तुम्ही नेलात ना?"

"नेला. शनिवारी दुपारी गेलो येऊरला. सभेत साहेब काय बोलले ते ऐकलेलं ना तुम्ही? एका बिबट्यासाठी त्याची नोकरी अडली! म्हटलं, कुणाचं काय बिघडतं? मागच्या पावसात मला चक्कर आलेली, तेव्हा त्या माणसाने मला पाठीवर घेऊन फाटकापर्यंत आणलेलं. दर फेरीला माझ्या डब्यातला अर्धा डबा तो खातो आणि त्याची अर्धी भाकरी मी. माझं आहे कोण दुसरं?" त्यांनी नाक पुसलं. "कसाबसा गुडघे टेकून बसलो आणि हात आपोआप चालला. पंजा मफलरमध्ये गुंडाळून दगडामागे ठेवला. रविवारी गर्दीत उचलून परत कपाटात ठेवणार होतो. पण त्याच्या आधी तो तिथे पोचला."

"त्याने मफलर ओळखला आणि ठसे पुसायला वाकला. तेवढ्यात रतन आला," बाई म्हणाल्या. "मग काल तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो तर साहेब म्हणाले असते, दोघांनी मिळून केलं. मित्रच ना आम्ही. त्याची होती नव्हती ती आशाही गेली असती. आणि खरं सांगू बाई? घाबरलो. या वयात सगळ्यांसमोर खोटारडा ठरायला घाबरलो." ते रडत होते. "त्याचं बरं करायला गेलो आणि त्याचंच वाटोळं केलं."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "साडेनऊ झालेत. चपला घाला. आणि रुमाल नका बांधू, तुमचा मफलर माझ्या पिशवीत आहे. सगुणाने धुऊन दिलाय."

६

येऊरच्या चौकीत ठोंबरे साहेबांच्या टेबलावर यादी टाइप होऊन पडली होती. गोमाजीचं नाव तिच्यात नव्हतं. गोमाजी दाराशी उभा होता, किल्ल्यांचा जुडगा परत करायला आला होता.

सावंतमामांनी खुर्ची घेतली नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, मफलरसकट, गौरीसकट. बोलताना एकदाही थांबले नाहीत. विमलाबाईंनी वही उघडून एका पानावर जंगलातली पावलं आणि शेजारच्या पानावर येताना बसमध्ये काढलेली ठाकुर्लीची पावलं दाखवली. साहेबांनी दोन्ही पानांवरच्या जोड्यांवरून बोट फिरवलं. त्यांच्याही घरी गौर येत असावी.

"मामा, तुम्ही मला लेखी द्यायचं," ते शेवटी म्हणाले. "आणि मंडळासमोर सांगायचं."

"देतो. आत्ता देतो."

साहेब दाराकडे वळले. "गोमाजी, तुला बघताक्षणी कळलं होतं?"

"व्हय, सायेब. वाघोबाच्या दारान वाघ येतंय आनि जातंय. तो काय तितं मुक्कामाला नाय ऱ्हात."

साहेबांना हसू आलं, पण ते लगेच मावळलं. "चोरीचा डाग गेला, हे ठीक. पण माझी अडचण तिथेच आहे. या वाटेवर बिबट्या नाही. मी वर काय लिहू?"

गोमाजीने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि काल सकाळपासून वळवळणारा तो किडा अचानक जागच्या जागी बसला. ज्या माणसाने मित्रासाठी तोंड शिवून घेतलं, तो आणखी कुणासाठी तरी तोंड शिवून बसला असेल तर?

"गोमाजी," त्या हळूच म्हणाल्या, "आग्यामोहोळ एका झाडावर किती दिवस असतं हो?"

"दोन-तीन म्हयने. मंग उडताय."

"आणि ओढ्यापलीकडचं चार वर्षं कसं टिकलं?"

बाहेर कुठेतरी तांबट पक्ष्याची टुकटुक चालू होती. गोमाजीच्या कपाळावर घाम आला. काल पिशवी उघडली गेली तेव्हाही तो असा घामाघूम झाला नव्हता.

"सायेब," तो शेवटी म्हणाला, "दाखवताव. पन तुमी, ये दोगा, नि मी. मंडलाला नाय. पेपरवाल्याला नाय. नायतर माजा नाव नको त्या यादीन."

चौघं निघाले. ओढ्यापाशी आल्यावर गोमाजी डावीकडे वळला नाही. सरळ गेला. तिथे ना मोहोळ होतं, ना माशी. करवंदीच्या जाळीतून वाकून जावं लागलं. मामांचा हात त्याने धरला होता. पलीकडे ओढ्याची वाळू होती, आणि वाळूत पावलं होती.

बाई खाली बसल्या. मागचा पाय पुढच्याच्या ठशात अलगद पडलेला, त्यामुळे प्रत्येक ठशाची कड थोडी वेगळी, एकसारखा दुसरा नाही. पाण्यापर्यंत गेलेली, पाण्यापासून परत आलेली. आणि त्या मोठ्या पावलांच्या आजूबाजूला, कधी पुढे, कधी मागे, रेंगाळत, घसरत, एकमेकांवर पडत गेलेली रुपयाएवढी लहान पावलं.

"दोन पिल्ला हायेत," गोमाजी कुजबुजला. "ती तिसरी खेप हाय तिची. मानसा आली असती तर ती गेली असती, सायेब. म्हनून मोहोल."

म्हणजे चार वर्षं हा माणूस आपल्या नोकरीचा पुरावा रोज स्वतःच लोकांपासून लपवत होता. बाईंना एकतीस वर्षांत कुठलंही चित्र बघून असं झालं नव्हतं. त्यांना सरळ रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही. मामा गोमाजीचा हात सोडायला तयार नव्हते. "आणि मी तुला बिबट्या द्यायला निघालो होतो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

बाईंनी सवयीने वही उघडली. मग ठोंबरे साहेबांकडे बघितलं आणि वही तशीच मिटून पिशवीत टाकली.

चौकीत परत आल्यावर साहेबांनी टाइप केलेली यादी बाजूला सारली आणि पेनाने नवीन कागदावर लिहायला घेतलं. पाचाला दहा मिनिटं कमी असताना त्यांनी तो कागद सही करून बाईंसमोर धरला. गोमाजीचं नाव सगळ्यात वर होतं. पुढे लिहिलं होतं: बिबट्याचा वावर प्रत्यक्ष पाहिला. जागा नोंदवलेली नाही. आणि त्याखाली, ठळक अक्षरांत, एक सूचना होती.

"ओढ्यापलीकडे मोठे आग्यामोहोळ आहे. सर्व फेऱ्या डावीकडच्या टेकाडावरूनच न्याव्यात."

गोमाजीला वाचता येत नव्हतं. बाईंनी त्याला ती ओळ वाचून दाखवली. त्याने ती आणखी एकदा वाचायला सांगितली आणि मग किल्ल्यांचा जुडगा पुन्हा कमरेला अडकवला.